विचारून प्यायचं पाणी

कर्वेनगर, पुणे
१८ जून २००१

आदरणीय आत्यास,
समाधानचा सविनय जयभीम. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघून तू चष्मा पुसशील, की हा पोट्टा आणि पत्र? फोन करता आला असता, पण या घरातला फोन मी काढून कपाटात गाद्यांच्या मागे कोंबलाय. तो वाजला की ताई भिंतीला पाठ लावून उभी राहते. आणि एसटीडी बूथवर बोलायचं तर मागची लाइन कान देऊन ऐकते. म्हणून पत्र. बारावी नापास माणसाचं आहे, लाल पेन काढू नकोस.

ताई दवाखान्यात असल्याचा तुझा निरोप मला इंदूरच्या अलीकडे धाब्यावर मिळाला. ट्रकवर क्लीनर होतो, तिथेच उतरलो. ड्रायव्हर अजून शिव्या देत असेल. मध्ये धुळ्याला एक दिवस गेला, तिथे जत्रेत मौत का कुआँ लागला होता, पण ते नंतर सांगतो.

ताईला मी आधी ओळखलंच नाही. केस मुलासारखे कापलेत. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. कावीळ उतरली असं डॉक्टर म्हणतात. मांजरी गावच्या त्या ध्यानकेंद्रातल्या लोकांनी तिला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं आणि गाडी वळवून गेले. नाव विचारल्यावर नुसतं मैत्री सांगितलं म्हणे. केंद्रात कोणालाच आडनाव नसतं. ताईला तेच तर आवडलं होतं, आठवतं? नोकरी लागली तेव्हा ती पुण्यात खोली शोधत फिरली, तर प्रत्येक घरमालकानं आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगितलं. कॉम्प्युटरच्या ऑफिसात डबा उघडला की तेच. आणि तिकडे उसाच्या मधोमध एक बंगला, पांढऱ्या कपड्यातले इंजिनियर, डॉक्टर, कोणी काही विचारत नाही, नुसतं बस आणि डोळे मीट. तिनं मला तेव्हा लिहिलं होतं, समू, इथे मी फक्त मी आहे. चार वर्षांनी बघतोय तर तेवढीही उरलेली नाही.

फ्लॅट तिच्या ऑफिसातल्या पायलचा आहे. ती अमेरिकेला गेली, जाताना किल्ली दिली. चांगली मुलगी. तिनं मात्र मला विचारलं, तू नक्की काय करतोस? मी म्हटलं, फिरतो. ती म्हणाली, छान, पगारी?

आता मुद्दा. पहिल्या दिवशी मी वरणभात केला (हो, मीच) आणि ताट समोर ठेवलं. ताईनं दोन्ही तळवे वर करून पुढे धरले, नजर खाली. मला वाटलं, हात धुवायचेत. पाणी घातलं. तळवे तसेच. भात गार झाला. पाण्याचा तांब्या हाताशी, ओठ फुटलेले, आणि ही पीत नाही. काय हवं विचारलं तर अगदी हळू म्हणाली, आज्ञा.

केंद्रात म्हणे असंच असतं. जेवण, पाणी, आंघोळ, झोप, संडासला जाणं, सगळ्याच्या आधी तळवे पुढे करायचे. त्यांच्या गुरूला तात म्हणतात. तात किंवा तातांनी नेमलेला माणूस आज्ञा आहे म्हणाला, तर करायचं. आज्ञा नाही म्हणाला, तर तळवे खाली. आई गेल्याचा फोन आला तेव्हाही तिनं तळवे पुढे केले होते. आज्ञा मिळाली नाही. एवढं सांगितलं आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

हे बाबांना सांगायचं का ते तू बघ. त्यांना एकच मूल आहे आणि तेही वाया गेलेलं, असंच अजून म्हणतात ना?

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नारायण पेठेतल्या उल्काताईंचं नाव दिलंय. अशा माणसांशी बोलायचं काम त्या करतात. डॉक्टर म्हणाले, ती पुन्हा तिकडे गेली तर या वेळी पायरीवरसुद्धा सोडणार नाहीत. आत्या, ती परत जाता कामा नये, एवढं एकच मला कळतं. बाकी तू कळव.

माझ्यावर आहे तेवढा लोभ थोडा ताईकडेही वळव.
तू शिकवलंस म्हणून लिहितो, तुझा आज्ञाधारक (कधी नव्हतोच),
समाधान


नागपूर
२७ जून २००१

चि. समाधान यास,
सप्रेम जयभीम व मंगल कामना.

पत्र पोचलं. लाल पेन काढला होता, परत ठेवून दिला.

पोरगी पाण्याला परवानगी मागून राहिली हे वाचून माझं डोकं फिरलं बाप्पा. अरे, पाण्याला हात लावू नका म्हणणाऱ्यांच्या देखत आपली माणसं चवदार तळ्यावर गेली, ओंजळ भरून प्यायली आणि त्यापायी डोकी फोडून घेतली. तो धडा मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी उभं राहून शिकवला. दीक्षेच्या दिवशी मी माझ्या बापाचं बोट धरून उभी होते. आणि त्या घरातली लेक, शिकून इंजिनियर झालेली, तांब्याजवळ तहानलेली बसते. कोण तो तात? त्याला एकदा माझ्या चौथीच्या वर्गात आणून बसव.

महिपतीला मी सगळं सांगितलं. तुझ्या बापानं ऐकून घेतलं आणि अंगणात जाऊन सायकल पुसत बसला. सायकल स्वच्छच होती. तुला माहीत नसेल, तू तेव्हा कुठल्या डोंगरात होता कोण जाणे, पण राधावहिनी गेली तेव्हा यानं उन्हं कलेपर्यंत माणसं थांबवून धरली होती. मैत्री येईल, मैत्री येईल. लोक घड्याळं पाहून राहिले होते. तेव्हापासून त्यानं तिचं नाव घेतलं नाही. आज सायकल पुसता पुसता एकदा घेतलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पण पोट्ट्या, माझ्या रागानं तिच्या पोटात पाणी जाणार नाही. तिला तो शब्द लागत असेल तर दे तो शब्द. काहून भितो? आज्ञा आहे म्हण आणि जेवू घाल. पहिलीतली लेकरंसुद्धा बाई पाणी पिऊ का असं विचारतात. मोठी झाली की सुटतं आपोआप. हिचंही सुटेल. आधी अंगात जीव येऊ दे.

धुळ्याच्या जत्रेचं ऐकायची मला काही हौस नाही, पण लिही.

तुम्हा दोघांची आठवण काढणारी,
आत्या


कर्वेनगर
२२ जुलै २००१

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आत्या, तू जादूगार आहेस. तुझं पत्र आलं तेव्हा ताट समोरच होतं. घसा साफ केला, जरा जाड आवाज काढला, म्हणालो, आज्ञा आहे. तिनं तळवे कपाळाला लावले आणि जेवायला लागली. मीठ मागितलं नाही, भाजी खारट होती तरी संपवली. पाणी प्यायली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो, लिहायला लाज नाही.

आता सगळं सुरळीत आहे. आज्ञा आहे, गोळी घे. आज्ञा आहे, आंघोळ कर. झोप, ऊठ, गॅलरीत ऊन खा. गालावर मांस दिसतंय. मीही एका सायबर कॅफेत लागलोय. लोकांना ईमेल काढून देतो. मला स्वतःला स्पेलिंग येत नाही, पण पासवर्ड विसरलेल्या माणसाला ते कुठे कळतं? इथे सगळं जग अमेरिकेला ईमेल पाठवतंय. एक आजी रोज येतात, नातवाला टाइप करायला सांगतात की जेवलास का. दुसरं काही नाही. रोज तेवढंच.

उल्काताईंकडे जातो. पुस्तकं बांधून देणाऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली आहे, जिन्यात खळीचा वास. बाहेर पाटी लावलीय की आत काय बोलणे झाले ते बाहेर सांगितले जाणार नाही, विचारून पाहू नये. मी विचारून पाहिलं. खरंच सांगत नाहीत. पण दाराला दुधी काच आहे, सावल्या दिसतात. आत दोन खुर्च्या. कुठल्या खुर्चीत बसायचं ते उल्काताई सांगत नाहीत. म्हणून ताई तासभर मधेच उभी. मग उल्काताईही उभ्याच राहतात. दर खेपेला हेच. याला उपचार म्हणायचे तर नुसतं उभं राहायला बसस्टॉप काय वाईट? पण बाई भली दिसते. ताईला जिन्यापर्यंत सोडायला येते आणि कधीच ये म्हणत नाही. म्हणते, गुरुवारी मी इथे असेन.

एक गोष्ट तेवढी खटकते. ताई मला आता समू म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. तळवे पुढे करते, बस.

मौत का कुआँ राहिलाच. पुढच्या वेळी.

आठवणीत ठेव, आमचंही बरं चाललंय.
तुझा,
समाधान


नागपूर
३० ऑगस्ट २००१

चि. समाधान यास,
सप्रेम जयभीम व मंगल कामना.

मैत्री जेवायला लागली हे वाचून मी दारासमोरून जाणाऱ्या बाईला थांबवून सांगितलं. ती मला ओळखतसुद्धा नव्हती. ती म्हणाली, बरं झालं.

आता मोठं काम. नोव्हेंबरात राधावहिनीला जाऊन दोन वर्षं होतील. पुण्यानुमोदनाला भंतेजींना बोलावलंय, घरचीच माणसं असतील. परवा जेवताना महिपती आपणहून म्हणाला, तिला आणता येते का पाहा. एवढंच म्हणाला आणि कढीत भात कालवत राहिला. दोन वर्षांनी त्याच्या तोंडून एवढं निघालं, तर मी ते जमिनीवर पडू देणार नाही.

ती घाबरेल, गाडीत बसणार नाही असं तू म्हणशील. तुझ्यापाशी शब्द आहे ना? तोच वापर. आज्ञा आहे, नागपूरला चल. बापासमोर उभी कर. पुढचं काय ते रक्ताचं नातं पाहून घेईल. महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट आताच काढून ठेव, तुझा भरवसा नाही, स्टेशनवर कुणाचा खेळ पाहत उभा राहशील.

चिवडा पाठवते आहे येणाऱ्या माणसाबरोबर. तिला चारायचा. तू हात लावायचा नाही.

वाट पाहणारी,
आत्या


कर्वेनगर
२० सप्टेंबर २००१

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तिकीट काढलं. चिवडा पोचला, मी हात लावला.

आज उल्काताईंशी वाजलं. म्हणजे त्या वाजल्या, मी ऐकलं. झालं असं की काचेतून त्या दोघी पुन्हा उभ्याच दिसल्या. इतके महिने! मला राहवलं नाही. दार ढकललं आणि म्हणालो, ताई, आज्ञा आहे, बस. ती पटकन बसली. मी उल्काताईंकडे बघितलं, की बघा, इतकं सोपं आहे. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी कोणाच्या तरी मुस्काटात मारली होती.

मग त्यांनी मला वेगळं बसवलं. म्हणाल्या, समाधान, तुम्ही फारच चांगलं काम करताय, मांजरीच्या लोकांना करायला काही उरलंच नाही. मी म्हटलं, मी तिला जेवू घालतो, ते उपाशी ठेवायचे. त्या म्हणाल्या, तुमच्या तोंडून भल्यासाठी येतो, त्यांच्या तोंडून कशासाठीही येईल, पण तिच्या कानाला शब्द एकच. आणि तो तुम्ही तिला रोज ताजा करून देताय. मी विचारलं, मग काय मरू देऊ? त्या म्हणाल्या, ताट ठेवा, शेजारी बसून तुम्ही जेवा आणि गप्प राहा. भूक कोणाची परवानगी घेऊन लागत नाही.

घरी येऊन करून पाहिलं. ताट ठेवलं, मी जेवलो, गप्प बसलो. तिचे तळवे पुढेच. आत्या, समोर बसून बघ म्हणजे कळेल. दुपारी मी हरलो, म्हणालो शब्द. ठरवलंय की नागपूरला पोचेपर्यंत वापरायचा, बाबांची भेट झाली की बंद. उल्काताईंना हे सांगणार नाही.

२४ सप्टेंबर

वरचं पत्र टाकायचं राहिलं. आत्या, ताई गेली.

काल सकाळी मी तिला म्हणालो, आज्ञा आहे, खाली जाऊन मेथी आण. आठवडाभर मी तिला असं पाठवत होतो, एकटी जाते म्हणून मला फार कौतुक. मी मागून निघालोही. पण चौकात मोबाइलचं मोठं होर्डिंग चढवत होते, दोराला माणसं लोंबकळत होती, ते बघत राहिलो. भाजीवाल्या वेणूबाईंपाशी पोचलो तर त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. मेथी आत होती, वर लिंबं.

पांढऱ्या कपड्यातला एक टक्कल पडलेला माणूस गाडीतून उतरला, वेणूबाई सांगत होत्या. तो बद्रीनाथ असणार. ताईच्या ऑफिसात तिचा साहेब होता, त्यानंच तिला पहिल्यांदा मांजरीला नेलं होतं. त्यानं हात धरला नाही, आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाला, मैत्री, आज्ञा आहे, चल. ताईनं तळवे कपाळाला लावले, पिशवी वेणूबाईंना दिली, म्हणाली, माझ्या भावाला द्या, आणि गाडीत जाऊन बसली. वेणूबाई म्हणाल्या, कोणी ओढलं असतं तर मी वजनं फेकून मारली असती रे, पण ती आपल्या पायांनी गेली.

चौकीवर गेलो. पोलीस म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, स्वखुशीनं गेली, तुमची भाजीवालीही तेच सांगते. चहा पाजला मला.

पिशवी अजून दाराला टांगलेली आहे.

समाधान


नागपूर
१ ऑक्टोबर २००१

चि. समाधान यास,
जयभीम.

पत्र मी वाचलं नाही, महिपतीनं वाचून दाखवलं. माझा चष्मा घालून. मेथीपाशी थांबला.

पहिलीतल्या लेकरांचं उदाहरण मीच दिलं होतं. जन्मभर वर्गात उभी राहिले आणि हे कळलं नाही, की लेकरू विचारतं तेव्हा त्याला मनातून ठाऊक असतं, बाई हो म्हणणार. हिला ते ठाऊक नव्हतं. जाऊ दे. छाती पिटून काय होणार.

महिपती निघाला होता, दार फोडतो म्हणून. दोन पायऱ्या उतरला आणि धाप लागली. मी त्याला बसवलं. आता तू जा. आणि ऐक, मला लिहायला बरं वाटत नाही तरी लिहिते. तो शब्द तुझ्यापाशी अजून आहे. त्यांच्या दारात उभा राहा, शेवटचं एकदा म्हण आणि तिला बाहेर काढ. घरी आल्यावर काय चूक काय बरोबर ते पाहू.

खाली महिपतीला दोन शब्द लिहायचे आहेत म्हणतो.
आत्या

समाधान, तिला सांग मी थांबलो आहे. महिपती.


कर्वेनगर
२१ ऑक्टोबर २००१

आदरणीय आत्यास व बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

ताई घरी आहे. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं नीट वाचाल.

तुझं पत्र खिशात घेऊन मी आधी नारायण पेठेत गेलो. उल्काताईंना सगळं दाखवलं. त्या म्हणाल्या, शब्द वापरलात तर ती येईल, नक्की येईल, आणि पुढच्या वेळी कोणी म्हटलं की नक्की जाईल. मी म्हटलं, मग मी करू काय? म्हणाल्या, ते मी सांगणार नाही. मी म्हटलं, मलाही तेच? त्या म्हणाल्या, तुम्हालाही तेच. वर म्हणतात, रागवायचं असेल तर रागवा, खोली त्यासाठीच आहे.

मांजरीला बंगल्याच्या समोर रस्त्यापलीकडे सोनबाची रसवंती आहे. मी तिथेच मुक्काम ठोकला. उसाच्या मोळ्या उतरवायच्या, चिपाडं वाळत घालायची, त्याच्या बदल्यात बसायला जागा. एका जागी इतका मी कधी बसलो नव्हतो. आणि आत्या, बंगल्याच्या फाटकाला कुलूप नाही. पहिल्या दिवशी मी कुलूपच शोधत होतो. आतून कडीही नाही, नुसतं लोटलेलं असतं. सगळी माणसं आत.

सकाळी ते लोक अंगण झाडायला येतात. दुसऱ्या दिवशी ताई दिसली. मला बघून झाडू थांबला. फाटकापाशी आली आणि गजांमधून तळवे बाहेर काढले. शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. तुझं पत्र खिशात, बाबांची ओळ खिशात, आणि तिचे हात वीतभर अंतरावर. मी म्हणालो, ताई, मी समोर रसवंतीवर आहे. बाबा नागपूरला थांबलेत. मला आणखी काही म्हणायचं नाही. ती तळवे धरून उभी राहिली. मग आत गेली. मी रसवंतीमागे जाऊन उसाला लाथा घातल्या.

मग रोज तेच. ती यायची, बघायची, तळवे, मी गप्प, ती आत. एकदा तिला उन्हात उभं केलेलं दिसलं, हात वर करून, दुपार उलटेपर्यंत. बद्रीनाथ मला दुरून नमस्कार करायचा, हसून. सोनबा म्हणाला, पोरा, बहीण आत हाय का तूच आत हायस? त्याला वाटायचं मी भेकड आहे, जाऊन हाताला धरून का आणत नाही. मलाही तसंच वाटायचं. ऑक्टोबरचं ऊन, माशा, आणि रसाच्या यंत्राचे घुंगरू. ते घुंगरू मला आता झोपेतही ऐकू येतात. बैलाच्या गळ्यातले यंत्राला का बांधतात, हे सोनबाला विचारलं तर तो म्हणाला, यंत्र हरवू नये म्हणून. असो.

गुरुवारी ती झाडत झाडत फाटकाशी आली आणि फाटक ढकलून बाहेर आली. हातात झाडू तसाच. रस्ता ओलांडला, एक ट्रॅक्टर करकचून थांबला, तिला पत्ता नाही. माझ्याकडे न बघता सोनबाच्या माठापाशी गेली. ओठ पांढरे पडले होते. झाडू खाली ठेवला आणि तळवे पुढे केले. माठासमोर, आत्या. माणसासमोर नाही.

फाटकातून बद्रीनाथचा आवाज आला, मैत्री, आज्ञा नाही. अगदी प्रेमानं. सोनबानं तोंड उघडलं, तो पी की बाई म्हणणार होता, मी त्याचं मनगट धरलं. तो ओरडला असता इतकं घट्ट. कोणी काही बोलायचं नव्हतं. आम्ही दोघं उभे, ती उभी, माठाला घाम आलेला. मला वाटलं आता ती वळेल. हात खाली आले. पुन्हा वर आले. मग तिनं एक तळवा उलटा केला, पेला उचलला, बुडवला आणि प्यायली. अर्धं पाणी गळ्यावरून कपड्यात. दुसरा पेला. तिसरा उलटून पडला. मग खाली बसली आणि आईच्या नावानं ओरडून रडली. चार वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नसेल. अंगण झाडणारी बाकीची माणसं झाडू धरून बघत होती. कोणी बाहेर आलं नाही.

बसनं परत निघालो. हडपसरच्या पुढे म्हणाली, समू, मेथी वाया गेली का रे?

ती बरी झाली असं समजू नका. काल न्हाणीच्या दारात किती तरी वेळ उभी होती. कोणी जोरात बोललं तर तळवे आपोआप वर येतात, मग ती त्यांच्याकडे बघते, कोणाचे तरी असल्यासारखे. मी ताट ठेवतो, शेजारी बसून जेवतो, ती कधी जेवते, कधी नाही. शब्द मी गिळलाय.

नागपूरच्या तिकिटाचं तिला एकदा विचारलं. तिनं उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्यांदा विचारणार नाही, तेव्हा तूही नको.

तुमच्या मायेत राहू द्या.
समाधान


कर्वेनगर
१० नोव्हेंबर २००१

आत्या, जयभीम.

समू म्हणाला, लिही. मग त्यानं जीभ चावली आणि चप्पल न घालताच बाहेर गेला. कुठे तरी काही तरी बघत उभा राहिला असेल. लिहायचं की नाही हे ठरवायला मला आठवडा लागला. अक्षर वाईट आहे, सवय गेली.

मी नागपूरला येणार नाही.

बाबांना हे वाचून दाखव. आईच्या वेळी मी आले नाही, कारण मला नाही म्हणून सांगितलं. मी विचारलं तेव्हा तात जेवत होते, वर न बघता नाही म्हणाले आणि लोणचं मागितलं. मी ते वाढलं. हे मी उल्काताईंनाही परवाच सांगितलं. आता येत नाही, कारण मी नाही म्हणते आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीत काही फरक दिसणार नाही. बाबांना तर नाहीच, त्यांना पुन्हा रिकामं दारच दिसेल. पण मला दिसतो. ते थांबलेत हे मला ठाऊक आहे. किती थांबायला लागेल ते मला ठाऊक नाही, आणि कदाचित ते फार असेल.

तुझा आणि समूचा मला राग येतो. तो शब्द तुम्ही माझ्या भल्यासाठी वापरलात. तेही असंच म्हणायचे. आज मला ते मऊ करून लिहिता येत नाही.

उल्काताईंकडे आता मी बसते. खिडकीकडची खुर्ची घेत होते. गेल्या गुरुवारी दुसरी घेऊन पाहिली, ती कुरकुरते. पुन्हा खिडकीकडचीच घेईन बहुतेक. खिडकीतून कागदाचे गठ्ठे वाहणारी हातगाडी दिसते. कधी कधी तासभर तिच्यावरच बोलतो. कधी कधी बोलत नाही. एकदा मी उठून मांजरीच्या बसकडे निघाले होते. उल्काताई जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, गुरुवारी मी इथे असेन. बसस्टॉपवरून परत फिरले. पुढच्या वेळी फिरेन की नाही, सांगता येत नाही.

तुझा चिवडा खाल्ला. मीठ जास्त होतं. पुन्हा पाठवलास तर कमी घाल.

त्या दिवशी आईसाठी इथे मेणबत्ती लावीन किंवा लावणार नाही. अजून ठरलं नाही.

पत्राच्या शेवटी काय लिहायचं ते तू शिकवलं होतंस, ते लिहीत नाही. लोभ ठेवायचा की नाही ते तुझं तू बघ. घाई नाही.

मैत्री

ता. क. मिठाचं लिहून झाल्यावर मध्येच उठून पाणी पिऊन आले. पेला विसळून ठेवला तेव्हा लक्षात आलं.